एक चांदणी, अर्धी फुली

डॉक्टर डबा उघडतात आणि आधी वास येतो. कापराचा, पण देवघरातला नाही. नाकाच्या शेंड्याला चावणारा. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, आत निळ्या फ्लॅनेलचे शिवलेले कप्पे आणि त्या कप्प्यांत मिटून निजलेले अकरा चाकू. दहा दिवसांपूर्वी एका जुन्या पेशंटच्या मुलाने हा डबा आणून दिला: बाबा गेले, आता तुम्हीच बघा याचं काय करायचं ते. डॉक्टरांनी तो तेव्हापासून उघडलेला नाही. सगळे जमल्यावरच उघडायचा, अशी इथली रीत आहे.

"कोण आहे तो, शोधा," मिस्त्रीकाका म्हणतात. ते वासाबद्दल बोलतायत.

चोर लगेच सापडतो. तिसऱ्या कप्प्यात कासवाच्या पाठीसारख्या पिवळ्या-तपकिरी नक्षीच्या मुठीचा एक नाजूक चाकू आहे. मूठ कडांनी आक्रसलीय, मधोमध तडे गेलेत, एका कोपऱ्यावर तर फुटलेल्या खडीसाखरेसारखी झालीय. सेल्युलॉइड. नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर घालून केलेलं प्लॅस्टिक. टेबल टेनिसचे चेंडू अगदी आत्ताआत्तापर्यंत याचेच असत, जुन्या सिनेमांच्या फिल्माही याच्याच. वय झालं की ते विटतं, त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि ती वाफ शेजाऱ्यांना खाते. दोन्ही बाजूंच्या कप्प्यांतली पाती तांबडी झालीत. त्यांच्या मुठीखालच्या पितळी पत्र्यांना हिरवी पूड धरलीय. पलीकडच्या रांगेतले चाकू मात्र जवळजवळ कोरे आहेत. सगळ्यात जास्त खाल्लं गेलंय ते चोराचं स्वतःचंच पातं.

डॉक्टर त्याला दात धरायच्या चिमट्याने उचलतात, उघड्या काचेच्या वाडग्यात ठेवतात आणि वाडगा गॅलरीत नेऊन ठेवतात. "याचा संसार आजपासून वेगळा," ते म्हणतात. "आणि देव्हाऱ्यातल्या निरांजनापासून लांब. हे भडकलं तर विझवता यायचं नाही."

पितृपक्षातला रविवार आहे. बाहेर पावसाची पिरपिर. सदाशिव पेठेतल्या या चौथ्या मजल्यावरच्या खोलीत सतरंजीवर जुनी वर्तमानपत्रं अंथरलीत आणि आम्ही पाच जण मांडी घालून बसलोय. मंडळाला नाव नाही, वर्गणी नाही. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी जमायचं, ज्याला जमेल त्याने आधी जुन्या बाजारात चक्कर मारून यायची आणि जे सापडेल ते इथे मधोमध ठेवायचं, इतकंच. एक नियम मात्र कडक आहे: फोटो स्टेटसला टाकायचे नाहीत. या शहरात कोयत्याच्या बातम्या इतक्या झाल्यात की 'चाकू जमवतो' असं म्हटलं की सोसायटीतली माणसं लिफ्टमध्ये अर्धं पाऊल मागे सरकतात. खरं तर केंद्राचे शस्त्रनियम नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची गोष्ट करतात, आणि त्यातूनही घरकामाची नि शेतीची हत्यारं वगळलेली आहेत. आमच्यातलं सर्वांत लांब पातं चार इंचांचं. पण पोलिसांचे मनाई हुकूम निघतात त्यात इंच मोजत बसत नाहीत, म्हणून चाकू इथे येतो तो पिशवीत, कापडात गुंडाळून, डब्याच्या तळाशी. कळ दाबली की फटकन उघडणारा प्रकार तर मंडळात घ्यायचाच नाही, हे पहिल्या दिवशीच ठरलेलं.

मंडळी अशी. डॉक्टर दातांचे, आता प्रॅक्टिस बंद. मिस्त्रीकाका पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. त्यांना मिलिमीटरचा हजारावा भाग बोटाने कळतो असं ते स्वतःच सांगतात, आणि आम्हाला ते खरं वाटतं. भाऊ रत्नागिरीकडचे, हापूसची कलमं बांधणारे. मुलीकडे पुण्याला आले की इथे डोकावतात आणि आमची चेष्टा करून जातात. चौथी एक पोरगी, सुलेखन शिकते, बोरूने लिहिते आणि बोरू तासायला चाकू लागतो म्हणून इथे आली ती राहिलीच. पाचवी मी.

मी सहा महिने येतेय. आजोबांचा चाकू मात्र आज पहिल्यांदा आणलाय. तो पर्समध्ये, रुमालात आहे, आणि अजून मी तो बाहेर काढलेला नाही.

डब्यातला पुढचा चाकू मिस्त्रीकाका उचलतात. ते आधी बघत नाहीत, ऐकतात. चाकू कानाजवळ नेतात, नखाच्या खाचेत अंगठ्याचं नख घालतात आणि पातं उचलतात. अर्ध्यावर एक टक्, पूर्ण उघडल्यावर दुसरा टक्. मिटताना पुन्हा दोन. "कमान शाबूत आहे," ते जाहीर करतात.

या जुन्या घडीच्या चाकूंत कुलूप नसतं. मुठीच्या पाठीत पोलादाची एक लांब कमान असते, आणि पात्याचं बूड त्या कमानीवर दाबून फिरतं. बुडाला सपाट बाजू असतात. सपाट बाजू कमानीवर आली की ती तिथे बसते, टक् करते. चौकोनी बूड असेल तर मधे अर्ध्यावरही थांबते, म्हणजे मिटताना बोट सावरायला एक क्षण मिळतो. बस, एवढंच यंत्र. तीन-चार खिळे, दोन पत्रे, एक कमान, एक पातं. पण कमान किती कडक, बूड किती गुळगुळीत आणि मिटल्यावर पात्याची धार कमानीवर आपटते की केसभर वर राहते, यात कारागिराची सगळी अब्रू असते. केसभर वर राहावी म्हणून बुडाजवळ एक लहानशी टाच ठेवलेली असते. मिस्त्रीकाका ती टाच नखाने चाचपतात आणि मान डोलावतात. गाणं ऐकताना समेवर डोलावतात तशी.

"आता हा बघा," डॉक्टर म्हणतात आणि खोलीतलं बोलणं थांबतं. पांढरी मूठ. दुधावरच्या सायीसारखा रंग, हाताळून पिवळसर झालेला.

पांढऱ्या मुठीची इथे सगळ्यांना धास्ती. सेल्युलॉइड असेल तर तो शेजाऱ्यांना खाणार. हस्तिदंत असेल तर वन्यजीव संरक्षणाचा १९७२चा कायदा उभा. कागद नसलेला हस्तिदंत घरात ठेवणं हा गुन्हा, मग तो आजोबांचा असो की पणजोबांचा. डॉक्टर भिंग डोळ्याला लावतात. "हस्तिदंत म्हणजे शेवटी दातच हो," ते पुटपुटतात, "माझ्याच खात्यातला." दाताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानदार रेघा दिसतात, घड्याळाच्या तबकडीवर कोरलेल्या जाळीसारख्या. इथे तशा रेघा नाहीत. इथे आहेत लांबट काळे ठिपके, टाचणीने टोचल्यासारखे. ते ठिपके म्हणजे जिवंतपणी रक्त वाहणाऱ्या नळ्यांची तोंडं. "हाड," डॉक्टर सुटकेचा श्वास टाकतात. "बैलाचं नाहीतर गायीचं." त्यावर भाऊ हात मागे घेतात आणि सगळे हसतात.

त्याच्या शेजारचा मात्र हसण्यावारी नेता येत नाही. खडबडीत, खोबणीदार, तपकिरी मूठ: सांबराचं शिंग. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या चाकू-कारखान्यांना हे शिंग इथूनच जायचं. पुढे भारताने ती निर्यात बंद केली तेव्हा तिकडचे कारागीर हळहळले. पण देशातही आता नुसतं 'गळून पडलेलं होतं' म्हणून भागत नाही. डॉक्टर तो चाकू पुन्हा कागदात गुंडाळतात, वर तारीख घालतात आणि बाजूला ठेवतात. वनखात्यात विचारून येईपर्यंत त्याला कोणी हात लावणार नाही.

चहा येतो. पेरू येतात. पेरू कापायचा मान डॉक्टरांच्या ओपिनेलचा. लाकडी मुठीचा, आठ नंबरचा, फ्रान्सच्या सावोय डोंगराळ मुलखातला शेतकऱ्यांचा चाकू. १८९० पासून जवळजवळ आहे तसाच, फक्त मानेभोवतीची फिरती कडी १९५५ साली आली. पात्यावर मुकुट घातलेला हात. हे पातं साध्या पोलादाचं, न गंजणाऱ्या नव्हे. न गंजणारं पोलाद शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ साली ओतलं आणि तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या बायकांची राखेने सुऱ्या घासण्यातून सुटका झाली. डॉक्टरांना ती सुटका नको आहे. त्यांच्या ओपिनेलवर निळ्या-करड्या ढगांचे पट्टे आहेत. हा कैऱ्यांचा, हा कांद्याचा, हा त्या वर्षीच्या डाळिंबांचा, असं ते दाखवतात. डाळिंबाचं मला पटत नाही. पण हा काळा पापुद्रा पात्यावर धरला की तांबडा गंज त्यावर सहज चढत नाही, हे खरं. घराण्यातल्या काळ्या झालेल्या विळीचं आणि याचं गुपित एकच.

"तेल कुठलं लावता?" भाऊ विचारतात. विचारतात कसले, काडी टाकतात. कारण आता अर्धा तास भांडण होणार हे त्यांना माहीत आहे.

"लिक्विड पॅराफिन," डॉक्टर म्हणतात. "औषधाच्या दुकानात मिळतं. पोटात गेलं तरी बाधत नाही, फळ कापायचंय ना त्याने. दुकानदार दर वेळी विचारतो, पोट साफ होत नाही का."

"शिलाई मशीनचं तेल. एक थेंब. सांध्यात, पात्यावर नाही," मिस्त्रीकाका.

"खोबरेल," भाऊ.

दोघंही एकदम त्यांच्यावर तुटून पडतात. खोबरेल थंडीत गोठतं, उन्हाळ्यात खवट होतं, सांध्यात चिकट राळ होऊन बसतं. भाऊ शांतपणे खिशातून स्वतःचा कलमाचा चाकू काढतात. मूठ काळी कुळकुळीत, पातं सरळ, आणि धार एकाच बाजूने लावलेली. दुसरी बाजू काचेसारखी सपाट. कोकणात पावसाळ्याच्या तोंडाशी कोय कलमं बांधतात तेव्हा कोवळ्या रोपाचा शेंडा उडवून त्यात दोन इंचांची पाचर बसवायची असते. दोन्ही काप इतके सपाट लागतात की मधे उजेड दिसता कामा नये. दोन्ही बाजूंनी धार लावलेलं पातं लाकडात डोलतं, काप खोलगट होतो, कलम मरतं. भाऊ गॅलरीतल्या मोगऱ्याची एक वाळकी काडी मोडून आणतात आणि एकाच ओढीत तिला तिरकी कापतात. ओला असल्यासारखा काप चमकतो. "दिवसाला शेकड्यांनी बांधतो आम्ही," ते म्हणतात. "ह्याला राळ धरायला सवड कुठे मिळते? आमच्याकडे चाकू जपायला नसतो हो. हरवायला असतो."

यावर कोणाकडे उत्तर नाही. मिस्त्रीकाका पेरूला मीठ लावतात.

डब्यात आणखी एक देशी चाकू निघतो, पितळी मुठीचा, बाजारी. त्याच्या टोकाला अर्धा इंच काळं, खडबडीत, आणि काळ्याची हद्द रेघ मारल्यासारखी सरळ. बाकी पातं लख्ख. पोरीला वाटतं जळालंय. मिस्त्रीकाकांना वाटतं कोणी पाणी द्यायला गेलं आणि फसलं. भाऊच ओळखतात. "लिंबू," ते म्हणतात. "हा नवरदेवाच्या हातात होता. हळद लागल्यापासून अक्षता पडेपर्यंत टोकाला लिंबू खोचून फिरवला असणार. नंतर काढायला कोण विसरलं कोण जाणे." आम्ही सगळे पुन्हा त्या काळ्या टोकाकडे बघतो. लिंबाची साल किती जाड होती तेही त्यावर कळतंय: टोकापासून थोडं मागे एक फिकट पट्टा आहे, तेवढ्यावर आम्ल कमी पोचलं. डॉक्टर चिठ्ठी लिहितात: 'घासू नये.'

खंडेनवमीनंतर असेच डाग घेऊन माणसं येतात. पूजेला हत्यारं मांडतात, हळदकुंकू वाहतात आणि दसऱ्याच्या धांदलीत ती तशीच राहतात. ओलसर कुंकवाखाली दोन दिवसांत पोलाद टोचलं जातं. मिस्त्रीकाका दरवर्षी बजावतात: वाहा, पण संध्याकाळी पुसा.

पोरीला शेफिल्डबद्दल विचारायचंय. डॉक्टर तिथे जाऊन आलेत, आणि विचारलं की थांबत नाहीत. तिथली चाकूवाल्यांची सनदी संस्था १६२४ची. तिथे एकेकट्या कारागिराला 'लिटल मेस्टर' म्हणत. भाड्याची एक खोली, एक ऐरण, एक चाक, आणि मोठ्या नावांचा माल अशा खोल्यांतूनही घडायचा. त्यातला शेवटचा मोठा माणूस स्टॅन शॉ, वयाच्या चौदाव्या वर्षी कामाला लागला आणि नव्वदी उलटली तरी खिशातले चाकूच करत होता. २०२१ साली गेला. जोसेफ रॉजर्सच्या कारखान्याने १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी पंचाहत्तर पाती नि अवजारांचा चाकू केला होता, आणि त्याआधी १८२२ साली तर १८२२ पात्यांचा. मला त्यात काही मौज वाटत नाही. ती देवाच्या रथासारखी गोष्ट झाली, वर्षातून एकदा ओढायची. तिने पेरूसुद्धा कापता येणार नाही.

"म्हणजे चांगलं पोलाद तिकडचंच?" पोरगी विचारते.

"थांब, ही ऐक," डॉक्टर सरसावतात. १७९४ साली मुंबईहून हेलेनस स्कॉट नावाच्या डॉक्टरने लंडनच्या जोसेफ बँक्सला इथल्या पोलादाच्या वड्या पाठवल्या. दक्षिणेत मातीच्या मुशीत बंद करून काढलेलं पोलाद. कानडी 'उक्कु' या शब्दाचं त्यांनी 'वूट्झ' केलं. पुढच्या वर्षी जॉर्ज पिअर्सनने रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला. त्यासाठी स्टोडार्ट नावाच्या चाकूवाल्याने त्या पोलादाचा एक छोटा चाकू घडवला होता. तलवार नाही, वस्तरा नाही. लेखणी तासायचा चाकू. आणि तो तिकडच्या उत्तम चाकूंच्या तोडीचा निघाला.

"म्हणजे आपलंच पोलाद तिकडे गेलं आणि चाकू होऊन परत आलं," मिस्त्रीकाका खूष होतात.

"तसं नाही. शेफिल्डचं पोलाद स्वीडनच्या लोखंडाचं. हंट्समनने मुशीत ओतायची रीत १७४०च्या सुमारास बसवली होती, ह्या वड्या पोचण्याच्या कितीतरी आधी." डॉक्टर अशा बाबतीत दया दाखवत नाहीत.

पोरीच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललंय. "लेखणी तासायचा," ती म्हणते. "म्हणजे बोरूचाच."

आता माझ्याने राहवत नाही. मी पर्स उघडते, रुमाल सोडते आणि चाकू सतरंजीवर ठेवते. हातात देत नाही. आमच्या आजीची शिस्त: धारेची वस्तू हातात देऊ नये, भांडण होतं, खाली ठेवावी, दुसऱ्याने उचलावी.

काळ्या शिंगाची मूठ, दोन पाती. आजोबा वाईकडे शाळामास्तर होते. वर्गातल्या मुलांचे बोरू आणि पुढे पेन्सिली या चाकूने तासायचे, आणि दर रविवारी मागच्या दाराच्या पायरीवर त्याला धार लावायचे. ते त्याला 'राजस' म्हणत. मला लहानपणी वाटायचं, ते चाकूच्या रूपाचं कौतुक आहे. रॉजर्सचं झालेलं ते राजस हे कळायला चाळिशी उलटावी लागली. मोठं पातं झिजून निम्मं राहिलंय, मधे पोटात गेलेलं, विळीसारखं. आणि ते आरशासारखं चकाकतंय.

चकाकतंय ते माझ्यामुळे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत तो सापडला. मी पॉलिश पेपर आणला, आधी जाड, मग बारीक, आणि दोन दुपारी घालवल्या. सगळा काळेपणा गेला. घरच्या ग्रुपवर फोटो टाकला, सगळ्यांनी अंगठे दाखवले. मग या मंडळात यायला लागले आणि पहिल्याच रविवारी कोणाच्या तरी चाकूकडे बोट दाखवून डॉक्टर म्हणाले, "सगळी जन्मपत्रिका इथे असते, पात्याच्या बुडाशी. लोक नेमकं तिथेच घासतात." मी त्या दिवशी गप्प बसले, ती आजपर्यंत.

डॉक्टर काही बोलत नाहीत. मोठं पातं उघडतात, बुडाशी टॉर्च आडवी धरतात आणि बघत राहतात. मिस्त्रीकाका खिडकीशी जाऊन खडूचा तुकडा आणतात, त्याची पूड बोटाने बुडावर चोळतात आणि वरची हलकेच फुंकून देतात. खोलगट राहिलं असेल तेवढ्यात पांढरं भरतं.

आधी दिसते चांदणी. सहा टोकांची, बारीक, स्पष्ट. तिच्या शेजारी फुली, माल्टीज क्रॉस, पण अर्धी. उरलेली अर्धी माझ्या पेपरखाली गेलीय. वर दोन अक्षरांचे पाय: एक गोलसर, एक जरा आकडीचं. "डी आणि जी," पोरगी म्हणते. तिला अक्षरांचे पाय कळतात. डॉक्टर मान हलवतात. रॉजर्सच्या नकला पुष्कळ झाल्या, आणि त्यातल्या बऱ्याच नकलाकारांनी नावातला डी गाळला. कायद्यातून सुटायला तेवढी पळवाट. इथे डी आहे, चांदणी आहे. "बहुतेक खरा," ते म्हणतात.

"केव्हाचा?"

ते पातं उलटतात. तिथे मुकुटाचा तळ आणि त्याच्या उजवीकडे एक आर. डावीकडे काहीच नाही, नुसती चकाकी. "राजाचं आद्याक्षर इथे होतं," डॉक्टर सावकाश सांगतात. "व्ही असता तर व्हिक्टोरिया, म्हणजे १९०१च्या आधीचा. ई असता तर एडवर्ड, पुढची नऊ वर्षं. जी असता तर जॉर्ज, १९१० नंतर कधीतरी." त्यांचं बोट त्या रिकाम्या जागेवर आहे. "आजोबांचा जन्म केव्हाचा?"

१९०८चा. म्हणजे तो त्यांनी नवा घेतलेला की त्यांच्या वडिलांचा, हे त्या एका अक्षरात होतं.

भाऊ चहाचा कप खाली ठेवतात. "ताई, तुम्ही दोन दुपारी घासलं," ते म्हणतात. "त्यांनी किती वर्षं घासलं असेल पायरीवर? पातं तर त्यांनीच संपवलंय." सांत्वन म्हणून हे बरं आहे. पण आजोबा धारेला घासत होते, नावाला नाही, हे मला कळतं आणि बहुधा भाऊंनाही.

"लहान पातं उघडत नाही," मी विषय बदलते. ते माझ्याकडून कधीच उघडलं नाही, म्हणूनच माझ्या तावडीतून सुटलं. मिस्त्रीकाकांचे डोळे चमकतात. पक्कड नाही, ते बजावतात. पकडीने नखाची खाच तुटते. सांध्यात गंज सोडवायचा स्प्रे, वर मशीनचं तेल, आणि वाट. चाकू उलटा करून ते कपाच्या बशीत टेकवून ठेवतात. तोवर पलीकडच्या रांगेतले चाकू होतात, दर किती असावेत यावर वाद होतो, पेशंटच्या मुलाला काय परत करायचं ते ठरतं, जुन्या बाजारात आज एकाने साध्या कानशीचा चाकू 'इंग्रजांच्या काळातला' म्हणून बाराशेला सांगितल्याचं मिस्त्रीकाका रंगवून सांगतात. बाहेर पाऊस थांबतो.

मग ते चाकू उचलतात. चामड्याचा एक तुकडा पात्याच्या पाठीला चिमटीत धरतात आणि ओढत नाहीत, नुसते हलवतात. वर, खाली, केसभर. तांबडं तेल झिरपतं. पुन्हा तेल, पुन्हा हलवणं. पाच मिनिटं कोणी बोलत नाही. आणि मग टक्. अर्ध्यावर. मिस्त्रीकाका थांबतात, श्वास घेतात. टक्.

लहान पातं काळं आहे, ठिपक्या-ठिपक्यांनी टोचलेलं, पण आकाराला पूर्ण. धारेशी बारीक तिरके ओरखडे आहेत, सगळे एकाच दिशेने. पायरीच्या दगडाचे. बुडाशी, जिथे पातं मुठीत शिरतं, तिथे काळा कडक थर बसलाय. मिस्त्रीकाका लाकडी टूथपिक घेतात आणि पोरगी एकदम म्हणते, "काका, थांबा." ती वाकून वास घेते. "शाई असेल. ओला बोरू पुन्हा तासला की पात्याला शाई लागते, माझ्या चाकूला अशीच बसते."

"तेल आणि मळ आहे," मिस्त्रीकाका म्हणतात.

"असेल तर असेल. राहू दे," मी म्हणते. डॉक्टर माझ्याकडे बघतात आणि काही न बोलता टूथपिक परत डबीत ठेवतात.

पोरीला त्याने बोरू तासून बघायचाय. तिच्या झोळीत चार-पाच बोरू आहेतच. पण पात्याला धार नाही. नखावर टेकवलं तर घसरतं. मिस्त्रीकाका निसणा पुढे ओढतात, वर पाणी शिंपडतात आणि थांबतात. डॉक्टर नाखूष आहेत. धार लावली की पायरीचे ते ओरखडे जाणार. "चिठ्ठी लिहून ठेवावा असा आहे हो हा," ते म्हणतात. भाऊ हसतात. "चाकू आहे तो. धार लावा."

सगळे माझ्याकडे बघतायत. रविवार आहे. मला आठवते ती पायरीवरची ओली खरखर, आणि मधे मधे आजोबांचं अंगठ्याच्या नखावर धार तपासणं.

"लावा," मी म्हणते.

मिस्त्रीकाका पातं निसण्यावर टेकवतात, कोन बोटाने जोखतात, जरासा कमी करतात. दहा ओढी एका बाजूला, दहा दुसऱ्या. मग पाच, मग तीन. पाणी राखाडी होतं. शेवटी चामडी पट्ट्यावर उलट्या ओढी. नखावर टेकवतात, पातं तिथेच उभं राहतं. ते चाकू मिटून सतरंजीवर ठेवतात आणि पोरगी उचलते.

बोरू डाव्या हातात, टोक स्वतःपासून दूर. पहिली तिरकी ओढ लांब, दुसरी पोटातून. मगज निघतो. दोन्ही बाजूंनी खांदे उतरतात. मग मधोमध चीर द्यायला ती पात्याचं टोक लावते आणि दाबते. चीर जास्त लांब जाते. बोरू उभा फाटतो.

"फारच लागलीय धार," ती म्हणते. मांडीवरचा भुसा झटकते आणि दुसरा बोरू घेते.